घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियाची लस : कोणती, कधी आणि त्याआधी घरून काय तयारी करायची

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. आमचे अप्पा ७१ वर्षांचे, अमळनेरकडच्या गावी राहतात, शुगर आहे पण गोळ्या नियमित. हरभऱ्याला पाणी भरायचं होतं आणि लाईट रात्रीची, त्यामुळे तीन-चार रात्री थंडीत बांधावर काढल्या. मग खोकला सुरू झाला. ताप नाही, काही नाही, म्हणून आईने काढा दिला, ओवा शेकला, आम्हीपण फोनवर विचारून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि आईला विचारलं की मोठा भाऊ शेतातून आला का. मोठे काका जाऊन बारा वर्षं झालीत. तेव्हा आईने मला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत अप्पा ऑक्सिजनवर होते. न्यूमोनिया. नऊ दिवस दवाखान्यात.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, न्यूमोनियाची लस दिलेली आहे का यांना? मला वाटायचं लस म्हणजे लहान पोरांची. शुगरच्या तपासणीला आम्ही दर तीन महिन्यांनी जायचो तरी आमच्या मनात हा प्रश्न कधी आला नाही आणि समोरूनही कुणी काढला नाही. त्यानंतर मी अप्पांना, आईला, आत्याला आणि सासऱ्यांना अशी चार जणांची लस करून आणली, प्रत्येक वेळी काहीतरी नवीन अडचण आली, ती सगळी इथे लिहितोय म्हणजे तुम्हाला परत तेच हेलपाटे नको. सुई टोचायला दहा सेकंद लागतात हो, पण कोणती घ्यायची, कुठून आणायची, आणि म्हाताऱ्या माणसाला तयार कसं करायचं हे सगळं घरातल्याच कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. लहान बाळाला आशाताई घरी येऊन आठवण करून देतात, म्हाताऱ्यांच्या या लसीची आठवण आपणच ठेवायची.

आधी लस कशाची आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. न्यूमोनिया बऱ्याच जंतूंनी होतो, ही लस त्यातल्या एकावर आहे, न्यूमोकोकस नावाच्या. हा जंतू लहान पोरांच्या नाकाघशात बसून असतो, बऱ्याचदा त्यांना काही होत नाही पण खोकल्या-शिंकेतून आजी-आजोबांकडे जातो. तिथे तो फुफ्फुसात उतरतो, कधी रक्तात जातो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. याचे १०० पेक्षा जास्त प्रकार आहेत आणि लसीच्या नावामागे जो आकडा असतो, १३, २०, २३, तो म्हणजे त्या लसीत किती प्रकारांवर संरक्षण आहे तो आकडा. एकदा न्यूमोनिया होऊन गेला म्हणजे आता लस नको असं नाही, कारण पुढच्या वेळी दुसरा प्रकार येऊ शकतो. अप्पांना आजारातून नीट बरं झाल्यावरच दिली.

आता २३ मोठा आकडा म्हणजे २३ वालीच चांगली असं मलाही वाटलं होतं. तसं नाहीये. या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. २३ वाल्या लसीत नुसतं ते आवरण असतं, शरीर त्याच्यावर काही काळ काम करतं आणि मग हळूहळू विसरतं. १३ आणि २० वाल्या लसीत त्या आवरणाला एक प्रोटीन जोडलेलं असतं, त्यामुळे शरीर ते नीट लक्षात ठेवतं. म्हणून सुरुवात जोडलेल्या लसीने करायची, तिला कॉन्ज्युगेट म्हणतात, डॉक्टरांशी बोलताना हा शब्द वापरला तरी चालेल. साखरेचं आवरण म्हटल्यावर आत्याने लगेच विचारलं की माझी शुगर वाढेल का. नाही वाढत. ती साखर म्हणजे चहात घालायची साखर नाही आणि प्रमाण तर इतकं कमी असतं की विचारू नका. उलट शुगरवाल्यांनी तर ही लस आधी घ्यायला पाहिजे.

कितपत उपयोग होतो हे विचारणारे असतात घरात, विचारायलाच पाहिजे, पैसे जातात. नेदरलँडमध्ये ६५ च्या पुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर १३ वाल्या लसीचा मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो छापून आला. लसीत जे प्रकार आहेत त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया साधारण ४५ टक्क्यांनी कमी झाला, आणि जंतू रक्तात वगैरे पसरून होणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही अशी गॅरंटी नाही, पण माणूस आयसीयूत जायची पाळी बरीच कमी होते. घरी सांगताना एवढंच सांगा, जास्त फुगवून सांगू नका, नाहीतर पुढे साधा खोकला झाला तरी लसीला दोष देतात.

कुणाला द्यायची? ६५ च्या पुढे सगळ्यांना, आजार असो नसो. अमेरिकेत आधी ६५ वय धरायचे, २०२४ मध्ये ते ५० वर आणलं, आणि आपल्याकडेही बरेच डॉक्टर ५० नंतर सुचवतात. त्याहून कमी वयातसुद्धा काही जणांना लागते, म्हणजे शुगर, दमा, हार्टचा त्रास, किडनी किंवा लिव्हर खराब, कॅन्सरचे उपचार चालू, बरेच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या, विडी-सिगारेट, दारू. आणि दोन गोष्टी आपल्या खान्देशसाठी मुद्दाम सांगतो. एक म्हणजे चूल. ज्या बायकांनी चाळीस-चाळीस वर्षं पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापल्या त्यांची फुफ्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झालेली असतात, त्यांना दम लागतो, आपण म्हणतो वय झालं. माझ्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही तरी छातीच्या डॉक्टरांनी फुंकर मारायच्या मशीनवर तपासलं तर अडथळा निघाला. दुसरं म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर हा आजार आहे, आणि त्यात प्लीहा (पोटात डावीकडे असते, जंतूंशी लढायला मदत करते) कामातून जाते. प्लीहा नसली की हा जंतू फार झपाट्याने वाढतो. घरात सिकलसेलचा पेशंट असेल, कोणत्याही वयाचा, तर डॉक्टरांना या लसीचं स्वतःहून विचारा. ऑपरेशन करून प्लीहा काढायची ठरली असेल तर लस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घेतात.

आता क्रम. हा भाग हळू वाचा, सगळे घोळ इथेच होतात.

आधी काहीच घेतलेलं नसेल आणि २० वाली मिळत असेल तर ती एकदा घेतली की झालं, मागून २३ घ्यायची गरज नाही. १३ वाली घेतली तर मग २३ वाली एक वर्षाने. ज्यांची प्रतिकारशक्तीच कमी आहे, म्हणजे कॅन्सर, प्लीहा नसणं, किडनी फेल वगैरे, त्यांना एक वर्ष थांबवत नाहीत, ८ आठवड्यांनीही देतात, ते डॉक्टर ठरवतील. आणि कुणी आधीच २३ घेऊन बसलं असेल तर १३ किंवा २० त्यानंतर कमीत कमी एक वर्ष सोडून. ही फ्लूच्या लसीसारखी दरवर्षी घ्यायची नसते, हे घरच्यांना आधी सांगा, दरवर्षीचा खर्च आहे असं समजून लोक मागे हटतात.

सासऱ्यांच्या वेळी नेमका हा क्रमाचाच घोळ झाला. ते भुसावळला, रेल्वेतून रिटायर. म्हणाले मी तो न्यूमोनियाचा घेतलाय मागे. डॉक्टर म्हणे कोणता, १३ की २३? किती वर्षं झाली? सासरे म्हणतात दंडावर दिला होता. मग सासूबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, लाईट बिलं, एलआयसीच्या पावत्या, नातवाचा पहिलीचा निकाल, सगळं चटईवर पसरलं, आणि अर्ध्या तासाने एका मेडिकलचं पिवळं पडलेलं बिल निघालं, त्यावर २३ छापलेलं आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची. त्या एका बिलामुळे पुढचं ठरलं, आणि त्यांना कॉन्ज्युगेट दिली. म्हणून सांगतो, लस दिली की तिथेच डॉक्टरांकडून कागदावर लसीचं नाव, आकडा, बॅच नंबर, तारीख, सही असं घ्या. सिरिंजवरचं किंवा बॉक्सवरचं स्टिकर त्याच कागदाला चिकटवा. फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, भावाच्या, बहिणीच्या, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये राहतो. फाईल हरवते, फोटो कुणाकडे तरी सापडतोच.

कुठे मिळते? लहान मुलांची सरकारी दवाखान्यात फुकट आहे, मोठ्यांची मात्र आपल्या खिशातून, आणि काही हजारात जाते. फिजिशियन, छातीचे डॉक्टर यांच्याकडे विचारा. तालुक्याच्या गावाला यांच्याकडे नसली तर एक युक्ती सांगतो, बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. त्यांच्याकडे लसीचा फ्रिज चांगला असतो, टेम्परेचरकडे लक्ष असतं, आणि १३ वाली बऱ्याचदा ठेवलेली असते. आईला मी तिथेच दिली, सगळीकडे पाळण्यातली पोरं रडतायत आणि मध्ये आई पदर सावरून बसलेली, पण काम व्यवस्थित झालं. फक्त आपल्या फिजिशियनची चिठ्ठी सोबत न्या आणि बॉक्सवरचा आकडा स्वतः वाचा, कारण मुलांसाठीच्या वेगळ्या आकड्याच्याही लसी त्या फ्रिजमध्ये असतात. किंमत फोनवर आधी विचारून घ्या, एमआरपी बॉक्सवर असतेच.

मेडिकलमधून विकत आणून डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर हे नीट ऐका. लस २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. गरम होऊ द्यायची नाही हे सगळ्यांना कळतं, पण गोठवायचीही नाही हे मला माहीत नव्हतं. अप्पांची लस आम्ही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरवली होती, कारण तेव्हा आत्यापण माहेरी येणार होती, दोघांचं एकदम होईल. बाहेर ४३ डिग्री. मेडिकलवाल्याने बॉक्स काढला तो फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यातून, पुठ्ठ्यावर बर्फाची पांढरी साय होती. मला वाटलं वा, एकदम थंड आहे. थर्मासमध्ये घालून नेली, डॉक्टरांनी हातात घेतली, पुठ्ठ्याचा तो ओला कडक कोपरा दाबून बघितला आणि सरळ बाजूला ठेवली. म्हणाले ही गोठलीय, गोठलेली लस वितळली तरी कामाची नाही, मी टोचणार नाही. मेडिकलवाल्याने परत घेतली नाही. दोन लसींचे पैसे गेले, अप्पा आणि आत्या उन्हात परत घरी आले, आणि आत्या तर तेव्हापासून परत यायलाच तयार होईना.

त्यामुळे आता मी काय करतो, सांगतो. लस घेताना कोणत्या कप्प्यातून काढली ते बघतो. बर्फाच्या कप्प्यातून काढली तर घेत नाही. नेताना थर्मास किंवा थर्माकोलचा डबा, त्यात आईसपॅक फडक्यात गुंडाळून, बर्फ लसीला चिकटणार नाही अशा बेताने. गाडीच्या डिकीत अजिबात नाही. मार्च ते जूनमध्ये तर आपल्याकडे शक्यतो स्वतः लस वाहून नेऊच नका, ज्या डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये आहे तिथेच माणूस घेऊन जा. टोचायच्या आधी सिरिंज जोरात हलवतात, कॉन्ज्युगेट लस हलवल्यावर एकसारखी पांढरट, पातळ दुधासारखी दिसते. गुठळ्या किंवा कण राहिले तर ती वापरत नाहीत. २३ वाली मात्र पाण्यासारखी स्वच्छ असते, ती पांढरी दिसली नाही म्हणून घाबरू नका.

कधी द्यायची? वर्षात कधीही चालते. पण आपल्याकडे दिवाळीनंतर थंडी अशी पडते की पारा १० च्या खाली जातो, भरीत पार्ट्या रात्री उशिरापर्यंत शेतात, गव्हा-हरभऱ्याचं पाणी रात्रीचं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करून टाकलेलं बरं. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर देता येते, एका हेलपाट्यात दोन्ही कामं होतात. फ्लू झाला की त्याच्या मागून हा न्यूमोनिया येतो असं खूपदा होतं, म्हणून दोन्ही घेण्यात अर्थ आहे.

माणसाला तयार करणं हे खरं अवघड. आत्याचं (आम्ही फुई म्हणतो) एकच, "माले काय धाड भरनी, सुई कसाले?" डॉक्टरने सांगून झालं, मी सांगून झालं, आकडे सांगून झाले, काही उपयोग नाही. शेवटी अप्पाच एकदा ओट्यावर तिच्याजवळ बसले आणि दवाखान्यातल्या रात्री सांगितल्या, की तोंडावर मास्क, पाणी मागायचं तर मास्क काढावा लागायचा, काढला की जीव घाबरायचा, आणि शेजारच्या पलंगावरचा माणूस सकाळी नव्हता. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली कधी जायचं ते सांग. तर ज्याने भोगलंय त्याच्या तोंडून ऐकू द्या, आपल्या वयाच्या माणसाचं म्हातारी माणसं ऐकतात, पोरांचं नाही. आणि जबरदस्ती करू नका, फसवून शुगर तपासायला म्हणून नेऊन लस टोचू नका, एकदा विश्वास गेला की पुढची कोणतीच गोळी खात नाहीत.

त्या दिवशी काय करायचं. उपाशीपोटी नेऊ नका, भाकरी-भाजी खाऊन, रोजच्या गोळ्या घेऊन. कोपरापर्यंतचं घट्ट ब्लाऊज असेल तर दंड उघडा करायला त्रास होतो, सैल बाहीचं घालायला सांगा, आईच्या वेळी नर्सबाईंना बाही वर सरकेना. गोळ्यांची पिशवी सोबत ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लस बंद नाही, पण आधी सांगा, बारीक सुई वापरून दोन मिनिटं तरी जागा दाबून धरतात, चोळत नाहीत. साधी सर्दी असेल तर चालतं, अंगात जोराचा ताप असेल तर पुढे ढकला. पूर्वी कोणत्याही लसीने अंगावर गांधी, घसा सुजणं, श्वास अडकणं असं झालं असेल तर ते सांगितल्याशिवाय टोचू देऊ नका, खास करून घटसर्प-धनुर्वाताच्या लसीने झालं असेल तर, कारण कॉन्ज्युगेट लसीत जोडलेलं प्रोटीन घटसर्पाच्या जातीचं असतं. टोचल्यावर १५-२० मिनिटं तिथेच बसायचं, लगेच बस पकडायला पळायचं नाही.

नंतर दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी कणकण येते, अंग मोडल्यासारखं वाटतं. एक-दोन दिवस. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या, ओल्या फडक्याची घडी ठेवा. हळद-चुना, गरम विटेचा शेक, तेल लावून चोळणं हे काही नको. आत्याचा दंड तिसऱ्या दिवशीही लाल होता आणि ती म्हणे बघ मी सांगत होते, पण चौथ्या दिवशी उतरलं. लाली पसरत चालली, ताप वाढत गेला तर मात्र दाखवून घ्या.

अजून एक काम जाता जाता करून टाका, नातवंडांचं लसीचं कार्ड बघा. हीच न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असे तीन डोस. पोरांच्या घशातला जंतू कमी झाला की घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत कमी पोचतो. आमच्या पुतण्याचा नवव्या महिन्याचा डोस राहिला होता, कार्ड बघितलं म्हणून कळलं.

आणि लस झाली म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण दुसऱ्या जंतूंचे न्यूमोनिया आहेतच. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, अप्पांना नव्हता. जेवण सोडणं, एकदम गुंगीत राहणं, भलतंसलतं बोलणं, नेहमी चालणारा माणूस पलंगावरून न उठणं, छातीत एका बाजूला कळ, यातलं काही दिसलं तर काढा-शेक करत दिवस घालवू नका. शांत पडलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर होते ते मोजा. ३० च्या आसपास किंवा वर असेल, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, ओठ निळसर असतील तर सकाळची वाट बघायची नाही, गावात गाडी शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन लावा आणि त्यांना वय, शुगर आहे का आणि श्वास किती मोजला ते सांगा.